बिग ब्लाइंडचा बचाव : स्वस्त कॉलचा खरा हिशेब

टेक्सास होल्डेममध्ये बिग ब्लाइंडवर बसलेल्या खेळाडूचे पैसे पत्ते पाहण्याआधीच पॉटमध्ये गेलेले असतात. तीन पत्तीत बूट सगळेच भरतात. इथे तो भार दोघांवर येतो, अर्धा स्मॉल ब्लाइंडवर आणि पूर्ण बिग ब्लाइंडवर. दर डाव निमूटपणे फोल्ड केला तर या जागेवर शंभर डावांत शंभर ब्लाइंड जातात. मुरलेल्या खेळाडूलाही ही जागा दीर्घकाळात तोट्याचीच ठरते. त्याचे कसब दिसते ते तोटा शंभराच्या किती खाली ठेवला यात. म्हणून इथल्या कॉलला एकच कसोटी लावायची असते : फोल्डपेक्षा कमी पैसे जातील का? बटनवरून, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेवरून, रेज आला तर ही कसोटी सैल असते, कारण बटनवाला मिळालेल्या हातांपैकी निम्म्याच्या आसपास हात खेळतो. पण सगळ्यांत आधी बोलणाऱ्या, म्हणजे अंडर द गन किंवा त्याच्या लगतच्या जागेवरून रेज आला की प्रश्न बिकट होतो. मागे पाच ते आठ जण बोलायचे बाकी असताना या खेळाडूने पैसे पुढे सरकवले आहेत. त्याचे हात निवडक आणि भक्कम असणार. त्यात फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत बिग ब्लाइंडला त्याच्याआधी बोलावे लागणार.

या प्रश्नावर पोकरच्या लिखाणात दोन मते आळीपाळीने वरचढ ठरली आहेत. पहिले सावधगिरीचे. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी २००२ सालच्या 'टूर्नामेंट पोकर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड प्लेअर्स' या पुस्तकात 'गॅप'चे तत्त्व मांडले : स्वतः रेज करायला जो हात पुरतो, त्याहून सरस हात दुसऱ्याचा रेज झेलायला लागतो. पहिल्या जागेवरच्या माणसाचा रेज मुळातच सरस हाताचा, त्यामुळे या मताप्रमाणे तिथे बहुतेक हात टाकूनच द्यावेत. दुसरे मत ऑनलाइन खेळाबरोबर वाढले. रेज लहान होत गेले, खेळाडू टक्केवारीत विचार करू लागले, मॅथ्यू जांडा यांच्या २०१३ च्या 'अ‍ॅप्लिकेशन्स ऑफ नो-लिमिट होल्डेम'सारख्या पुस्तकांनी बचावाचे गणित समजावले आणि २०१५ मध्ये पायोसॉल्व्हर हा सॉल्व्हर प्रोग्रॅम आल्यावर ते घरच्या संगणकावर तपासता येऊ लागले. त्यातून सोपा निष्कर्ष पसरला, की कॉल इतका स्वस्त असताना हात सोडणे म्हणजे पैसे फुकट घालवणे. ही दोन मते किती हात खेळावेत यावर भांडतात. माझ्या मते त्याआधी कोणते हात खेळावेत याचा निकाल लागला पाहिजे, आणि तो लावताना पानांची उंची फसवी ठरते. पहिल्या जागेवरच्या रेजसमोर हाताचा पॉटमधला वाटा रिव्हरपर्यंत किती टिकतो, हेच खरे माप आहे.

आधी किंमत पाहू. दोघांकडे शंभर-शंभर ब्लाइंड आहेत, रेज अडीच ब्लाइंडचा आहे आणि स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केले आहे. पॉटमध्ये चार ब्लाइंड आहेत आणि कॉलला दीड लागतो. कॉलनंतर पॉट साडेपाचचा होईल, म्हणजे डाव शेवटपर्यंत गेल्यास किमान २७.३ टक्के वाटा मिळायला हवा. रेज दोनच ब्लाइंडचा असेल तर ही अट २२.२ टक्क्यांवर येते, तीनचा असेल तर ३०.८ वर जाते. 'माझा एक ब्लाइंड आत आहे, तो वाचवला पाहिजे' ही भावना हिशेबात धरायची नाही. आत गेलेला ब्लाइंड आता पॉटचा. त्याने कॉल स्वस्त केला, एवढेच त्याचे काम. पण ही सवलत रेज कोणी केला हे पाहत नाही. बटनवाल्याने अडीचचा रेज केला तरी २७.३ आणि अंडर द गनने केला तरी २७.३. दर तोच, पदरात पडणारा माल मात्र वेगळा. आणि स्वस्ताईवर भुललेले खेळाडू नेमके हेच विसरतात.

माल तपासायचा तर समोरच्याची रेंज, म्हणजे ज्या ज्या हातांनी तो रेज करेल त्यांचा संच, मोजावी लागते. नऊ जणांच्या टेबलावरचा एक नेमस्त खेळाडू उदाहरणाला घेऊ. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतच्या सगळ्या जोड्या, एक्का-दश्शी सूटेड (दोन्ही पाने एकाच चिन्हाची), एक्क्याबरोबर गुलाम, राणी किंवा राजा, सूटेडही आणि ऑफसूटही (वेगवेगळ्या चिन्हांची), राजा-राणी दोन्ही प्रकारची, आणि राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी फक्त सूटेड. दोन पानांच्या एकूण १३२६ जुळण्यांपैकी या १२२ होतात, म्हणजे सुमारे ९ टक्के. आता बिग ब्लाइंडकडे इस्पिकचा राजा आणि चौकटची दश्शी आहे असे धरा. ही दोन पाने आपल्या हातात असल्याने समोरच्या जुळण्या १०५ उरतात. त्यांतल्या ३६ जुळण्यांत आपल्याच दर्जाचे पान आहे आणि ते आपल्याला मागे टाकणारे आहे : एक्का-राजा, राजा-राणी, राजा-गुलाम, एक्का-दश्शी, राजांची जोडी, दश्शीची जोडी. पान सामाईक असून आपण पुढे आहोत अशा जुळण्या फक्त ३, सूटेड गुलाम-दश्शीच्या. याउलट हातात इस्पिकची सत्ती आणि छक्की असेल तर १२२ पैकी एकाही जुळणीत सत्ती वा छक्की नाही. सगळी पाने उघडी करून रिव्हरपर्यंत डाव चालवला, तर या रेंजसमोर दोन्ही हातांचा वाटा जवळपास सारखाच, साधारण एक-तृतीयांश भरतो. कागदावर दोघांनाही २७.३ ची अट सहज पार करता येते.

तरीही पहिला हात टाकायचा असतो आणि दुसरा खेळायचा, कारण प्रत्यक्षात डाव उघड्या पानांनी चालत नाही. एक-तृतीयांश वाट्यातून २७.३ टक्के हाती लागायचे तर त्या वाट्याचा साधारण चार-पंचमांश भाग बेटिंगच्या तीन फेऱ्यांतून टिकून यायला हवा. राजा-दश्शीला हे जमत नाही. फ्लॉपवर राजा आला तर त्याचा हात सोडवत नाही आणि पैसे एक्का-राजाकडे जातात. राजा आला नाही तर पहिल्याच बेटला तो पडतो, मग समोर प्रत्यक्षात एक्का-राणी असली तरी. जिंकतो तेव्हा पॉट लहान, हरतो तेव्हा मोठा. सत्ती-छक्कीचा प्रवास उलटा होतो. साधारण नऊ फ्लॉपांत एकदा तिला फ्लशचा ड्रॉ मिळतो, स्ट्रेटचे ड्रॉ त्याहून वेगळे. असा ड्रॉ बेट झेलू शकतो, चेक-रेजही करू शकतो, म्हणजे जिंकलेली नसतानाही तिला पॉट उचलण्याची संधी असते. सत्तीची किंवा छक्कीची जोडी लागली तर १२२ पैकी ज्या ८० जुळण्या जोडीच्या नाहीत त्यांच्यातले बहुतेक हात मागे पडतात; उरलेल्या ४२ जोड्यांपुढे ती हरते, पण त्यांना मोठी रक्कम द्यावी असा मोह ती पाडत नाही. वाटा सारखा, पण एकाचा झिरपून जातो आणि दुसऱ्याचा टिकतो.

याचा अर्थ उंच पाने टाकून द्यावीत असा नाही. ऑफसूट एक्का-गुलाम घ्या. वरच्याच रेंजसमोर उरलेल्या ९७ जुळण्यांपैकी ३० सामाईक पानाने आपल्या पुढे आहेत, १२ मागे. चित्र सुखाचे नाही. पण या हाताचा उघड्या पानांचा वाटा चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त आहे, त्यामुळे त्याचा एक-तृतीयांश झिरपला तरी अट जेमतेम पुरी होते. अडीच ब्लाइंडच्या रेजला तो कॉलच्या बाजूने पडतो, मात्र एक्का लागला म्हणून सगळा स्टॅक ओतण्याच्या लायकीचा होत नाही. रेषा पडते ती त्याच्या खाली : राजा-गुलाम, राणी-गुलाम, राजा-दश्शी, एक्का-नव्वी हे ऑफसूट हात दिसायला देखणे असले तरी फोल्डच्या बाजूला जातात, हेच हात सूटेड असतील तर बहुतेक खेळता येतात. लहान जोड्यांचा हिशेब वेगळ्या वाटेने जातो. दुर्रीच्या जोडीला फ्लॉपवर सेट, म्हणजे तिसरी दुर्री, लागण्याची शक्यता ११.८ टक्के. बाकी वेळी ती फुकट गेली असे धरले, तर दीड ब्लाइंडचा कॉल भरून निघायला सेट लागेल तेव्हा सरासरी सव्वाअकरा ब्लाइंड मिळायला हवेत. चार पॉटमध्ये आहेतच; म्हणजे पुढे सरासरी सव्वासात ब्लाइंड काढायचे. भक्कम रेंजवाल्याकडे मोठी जोडी अनेकदा असते आणि स्टॅक शंभराचे आहेत, तेव्हा हे शक्य कोटीतले आहे. समोरची रेंज मजबूत असणे हा इथे चक्क फायद्याचा भाग ठरतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गणिताच्याच बाजूने येतो. अडीच ब्लाइंड घालणाऱ्याला पॉटमधले दीड जिंकायचे आहेत, सगळ्यांनी ६२.५ टक्के वेळा फोल्ड केले तरी त्याची बरोबरी होते. मग बिग ब्लाइंडने किमान ३७.५ टक्के हात खेळले नाहीत, तर समोरचा कुठलीही दोन पाने घेऊन लुटेल, असा तो युक्तिवाद आहे. बटनच्या रेजला तो बऱ्याच अंशी लागू पडतो, कारण तिथे अडवणारे दोघेच असतात. पहिल्या जागेवरच्या रेजला तो लावताना मधले खेळाडू विसरले जातात. नऊ जणांच्या टेबलावर अंडर द गन आणि बिग ब्लाइंड यांच्यामध्ये सात जण आहेत. त्यांतला प्रत्येक जण फक्त ७ टक्के हातांनी पुढे आला असे धरले, तरी सातही जणांनी फोल्ड करण्याची शक्यता ६० टक्केच राहते. म्हणजे बिग ब्लाइंडने शंभर टक्के फोल्ड केले तरी ६२.५ चा आकडा गाठला जात नाही. सहा जणांच्या टेबलावर मध्ये चौघे असतात. प्रत्येकाने ८ टक्के खेळले तर रेज सुमारे ७२ टक्के वेळा बिनविरोध येतो, आणि बिग ब्लाइंडने साधारण १३ टक्के हात राखले तरी लूट थांबते. राखण सगळ्या टेबलाची आहे, एकट्या बिग ब्लाइंडची नाही. त्याने कॉल करायचा तो स्वतःच्या नफातोट्यासाठी. समोरच्याला धडा शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

दुसरा आक्षेप असा, की जागा वाईट असेल तर कॉल कशाला, थ्री-बेट, म्हणजे रेजवर पुन्हा रेज, करून डाव तिथेच संपवावा. बटनसमोर यात तथ्य आहे. इथे मात्र आकडे विरोधात जातात. बिग ब्लाइंडने अकरा ब्लाइंडचा थ्री-बेट केला, तर तो आणखी दहा घालून चार जिंकायला निघाला आहे. निव्वळ ब्लफ म्हणून त्याला ७१ टक्क्यांहून जास्त फोल्ड हवेत. आपल्या उदाहरणातला खेळाडू गुलामापासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि सूटेड एक्का-राणी ठेवून बाकी सगळे सोडतो असे धरले, तर त्याच्या १२२ पैकी ४४ जुळण्या उरतात, म्हणजे तो ६४ टक्केच फोल्ड करतो. कॉल झाल्यावरही ब्लफच्या हाताला थोडा वाटा असतोच, म्हणून ब्लफ पूर्ण वर्ज्य ठरत नाहीत. पण ते मोजके आणि निवडून घ्यावे लागतात. सूटेड एक्का-पंजी यासाठी आवडती, कारण हातातला एक्का समोरच्या एक्क्यांच्या जोड्या सहावरून तीनवर आणि एक्का-राजाच्या जुळण्या सोळावरून बारावर आणतो, आणि कॉल झाला तर फ्लश किंवा स्ट्रेटची वाट उघडी राहते. खऱ्या ताकदीने थ्री-बेट करावेत असे हात म्हणजे वरच्या दोन-तीन जोड्या आणि एक्का-राजा. मधले हात, म्हणजे दश्शीची जोडी किंवा एक्का-राणी, थ्री-बेट केल्याने कमकुवत हात पळवून लावतात आणि भक्कम तेवढे समोर ठेवतात. त्यांची जागा कॉलमध्ये आहे.

टिकाऊपणाचे हे माप फ्लॉपनंतरही वाट दाखवते. फ्लॉपवर एक्का आणि राजा आला तर समोरच्याकडे एक्क्यांची जोडी, राजांची जोडी आणि एक्का-राजा असू शकतात. बिग ब्लाइंडने हे हात आधीच थ्री-बेट केले असते, म्हणून त्याच्याकडे ते जवळजवळ नसतात. अशा फ्लॉपवर चेक करून पुष्कळदा सोडून देणे हेच शहाणपण. पण छक्की-पंजी-चौकी असा फ्लॉप आला तर पारडे फिरते. आपल्या उदाहरणातल्या १२२ जुळण्यांत त्यावर एकही सेट, एकही स्ट्रेट, एकही दोन जोड्यांचा हात नाही. बिग ब्लाइंडकडे तिन्ही सेट, सूटेड अठ्ठी-सत्ती आणि दोन जोड्यांचे सूटेड हात आहेत. समोरच्याकडे मोठ्या जोड्या असल्या तरी आक्रमण करण्याचा हक्क इथे बिग ब्लाइंडकडे येतो. रेज करणाऱ्याच्या आधी फ्लॉपवर स्वतःहून बेट करणे, ज्याला डॉन्क म्हणून हिणवले जाई, त्याबद्दलचे मतही बदलले आहे. नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांचा प्ल्युरिबस हा प्रोग्रॅम २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना भारी ठरला, तेव्हा तो अशी बेट माणसांपेक्षा बरीच जास्त वेळा करताना आढळला. ज्याने प्री-फ्लॉप नुसतीच उंच पाने गोळा केली, त्याच्याकडे मात्र असा फ्लॉप आला तरी वापरायला काही नसते.

आता परिस्थितीनुसार रेषा कुठे सरकते ते पाहू. पहिली गोष्ट रेक. पॉटमधून ५ टक्के कापले जात असतील तर साडेपाचच्या पॉटमधले पाव ब्लाइंडहून थोडे जास्त जाते आणि २७.३ ची अट २८.७ होते. काठावरचे हात एवढ्यानेच बुडतात. फ्लॉप न पडलेल्या डावावर बहुतेक ठिकाणी रेक नसतो, म्हणून रेक जड असेल तिथे पातळ कॉल आधी गाळावेत. दुसरी गोष्ट रेजचा आकार. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर मराठी खेळाडूसाठी हा प्रश्न मुख्यतः गोव्यातल्या कसिनोंच्या टेबलांवर उरला आहे, आणि समोरासमोरच्या खेळात चार-पाच ब्लाइंडचे रेज नवलाचे नसतात. पाचच्या रेजला अट ३८.१ टक्क्यांवर जाते; एक-तृतीयांश वाट्याचा कोणताही हात, मग तो कितीही टिकाऊ असो, तिथे बसत नाही. तिसरी गोष्ट मधला कॉलर. अडीचच्या रेजला कोणी मध्ये कॉल केला तर अट १८.७५ टक्क्यांवर उतरते. पण वाटा तिघांत विभागला जातो, एकच जोडी क्वचित जिंकते, आणि सूटेड हात व लहान जोड्यांची बाजू आणखी जड होते. चौथी, जागेचे नाव न पाहता मागे किती जण आहेत ते मोजावे : सहा जणांच्या टेबलावरच्या अंडर द गनमागे पाच जण असतात, नऊ जणांच्या टेबलावर आठ. नाव एक असले तरी रेंज एक नसते.

टूर्नामेंटमध्ये दोन गोष्टी उलट दिशांना ओढतात. बिग ब्लाइंड अँटीची पद्धत रुळल्यापासून पॉटमध्ये आणखी एक ब्लाइंड पडलेला असतो. दोनच्या रेजला कॉलची अट १८.२ टक्क्यांवर येते. इथे राजा-दश्शीला आपल्या वाट्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग टिकवला तरी पुरतो, म्हणून कॅश गेममध्ये टाकलेला तोच हात इथे खेळावा लागतो. स्टॅक जसे आखूड होतात, तसे टिकाऊपणाचे गणितही फिरते. वीस ब्लाइंडच्या स्टॅकमध्ये दुर्रीच्या जोडीला सेटवर हवे तेवढे पैसे काढणे अवघड, आणि सत्ती-छक्कीच्या ड्रॉला दाबायला जागा नाही. उलट एक्का किंवा राजा लागला की निर्णय लवकर संपतो, म्हणून उंच पाने सावरतात. दुसरीकडे बक्षिसांच्या उंबरठ्यावर, बबलवर, गमावलेल्या चिपची किंमत कमावलेल्या चिपहून जास्त असते. तिथे कागदावर पुरेसा वाटा असलेले हातही सोडावे लागतात, विशेषतः रेज करणारा आपल्याहून मोठ्या स्टॅकचा असेल तर.

शेवटचा आक्षेप पुराव्यावरच आहे : यातले बरेच ज्ञान संगणकाच्या संतुलनातून, म्हणजे सगळे बिनचूक खेळतात असे धरून काढलेल्या डावपेचांतून, आले आहे, ते माणसांना लागू पडते का? आक्षेपात दम आहे. अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये जो खेळ जवळजवळ पूर्ण सोडवला, तो दोघांतला लिमिट होल्डेम होता. २०१७ मध्ये लिब्रेटस या प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांना १ लाख २० हजार डावांत हरवले, तेही दोघांतल्या नो-लिमिट खेळात. दोघांहून जास्त खेळाडू असले की संतुलनाला 'हरणार नाही' अशी हमीच राहत नाही. सॉल्व्हरचा तक्ताही समोरच्याची रेंज गृहीत धरूनच निघतो. पण या आक्षेपाने निष्कर्ष आणखी धारदार होतो. समोरचा माणूस तक्त्यापेक्षा आवळून खेळत असेल तर राजा-दश्शीच काय, ऑफसूट एक्का-गुलामही फोल्डकडे सरकतो आणि लहान जोड्या तशाच टिकतात. तो सैल खेळत असेल तर उंच ऑफसूट हात परत येतात. दोन्ही वेळा बदल त्याच रेषेवर होतो. म्हणून शंभर ब्लाइंडच्या खेळात पहिल्या जागेवरून रेज आला की प्रश्नांचा क्रम ठरलेला असावा : रेज किती ब्लाइंडचा, मधल्या किती जणांना पार करून तो इथवर आला, समोरच्याच्या संचात माझी पाने सामाईक आहेत का, आणि पहिली बेट पडल्यावर माझ्याकडे पुढे जायला कारण उरेल का. पानाची उंची या यादीत कुठे नाही. ती तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात आपोआप येते, आणि तिथे ती पुष्कळदा विरुद्ध बाजूने साक्ष देते.